लिओचे बोट

मित्रांनो, फुटबॉल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गोल चेंडू येत असेल. मी तसा नाही. मी अमेरिकेतला फुटबॉल. पोटाशी फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, आणि अंगावर पांढऱ्या दोरीची शिवण. आता म्हातारा झालो आहे. चामडे तडकले आहे, आणि सकाळी भरलेली हवा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बाकी पुष्कळ काही विसरलो, पण भीती विसरलो नाही. माझे सगळे आयुष्य भीतीतच गेले म्हणा ना.

जन्मापासूनच तिची ओळख झाली. कारखान्यात मला शिवले ते उलटे, आतली बाजू बाहेर ठेवून. मग वाफेवर मऊ केले आणि एका दणकट हातांच्या माणसाने मला लोखंडी दांड्यावर रेटून सुलटे केले. त्या वेळी वाटले, आपण फाटलोच. पोटात रबरी फुगा घालून हवा भरली तेव्हाही तेच वाटले. पण फाटलो नाही. पेटीत बसून मी मिशिगनच्या उत्तरेला, स्पार लेक नावाच्या गावी आलो.

ते लोखंडाच्या खाणीचे गाव. तिथे बर्फसुद्धा पडल्यावर दोन दिवसांत तांबूस व्हायचा. निम्मे लोक फिनलंडहून आलेल्यांची मुले-नातवंडे, उरलेले इटलीचे. शाळेच्या मैदानावर दिवे नव्हते, म्हणून सामने शनिवारी दुपारी होत. बायका मांसाच्या गरम करंज्या कोटाच्या खिशात घालून यायच्या, आधी हात शेकायच्या आणि मग खायच्या.

आमचा खेळ थोडक्यात सांगतो. मला बगलेत मारून शेवटच्या रेषेपलीकडे नेले की सहा गुण. त्यानंतर लाथ मारून मला दोन उंच खांबांमधून, आडव्या दांडीवरून धाडले की आणखी एक गुण. रेषेपर्यंत पोहोचता आले नाही, तर दुरूनही लाथ मारता येते, तिचे तीन गुण. लाथ मारणारा तो किकर. पण त्याच्यासोबत आणखी एक जण असतो. तो जमिनीवर गुडघा टेकून बसतो, मागे फेकलेला चेंडू झेलतो, उभा करतो आणि वरचे टोक एका बोटाने दाबून धरतो. बूट येऊन आदळेपर्यंत ते बोट हलता कामा नये.

आमच्या संघात ते बोट लिओ झानेलाचे होते. सावळा, बोलका मुलगा. मामाबरोबर लग्नांमध्ये अकॉर्डियन वाजवायचा. किकर होता वेन हार्जू. त्या दोघांच्या हाती मी दोन वर्षे निर्धास्त होतो. लाथ बसायची, कळ यायची, पण मी सरळ जायचो.

मग एका नोव्हेंबरात मैदान गोठले होते. वेन धावत आला, त्याचा टेकवलेला पाय घसरला आणि लोखंडासारखा कडक बूट माझ्या टोकावर, म्हणजे लिओच्या हातावर बसला. तो आवाज मी ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा. लिओ ओरडला नाही. त्याने नुसता हात पोटाशी धरला आणि बर्फात वाकून बसला.

दोन बोटे मोडली होती. हिवाळाभर प्लास्टर होते. उन्हाळ्यात तो पुन्हा अकॉर्डियन वाजवू लागला, पण एक बोट पुरते वाकत नव्हते. गावात बोटे गमावलेली माणसे पुष्कळ होती. खाणीत ते चालायचेच. त्यामुळे कुणी फार विचारपूस केली नाही.

वेन शाळा संपवून खाणीत कामाला लागला, आणि आमचे प्रशिक्षक लाम्पिनेन कोच यांनी त्याच्या जागी डेनिस निएमीला घेतले. डेनिस म्हणजे उंच, किडकिडीत, फारसा न बोलणारा. उन्हाळाभर तो मला मातीच्या छोट्या ढिगावर उभा करून एकटाच लाथा मारायचा. दहा वेळा मारल्या तर नऊ वेळा मी खांबांमधून जायचो. कोच खूश होते. मीही.

पहिल्या शनिवारी आम्ही सहा गुण केले. लिओने मला झेलले, उभे केले, बोट टेकवले. डेनिसच्या पावलांचा आवाज जवळ आला आणि बोट थरथरू लागले. मला वाटले, थंडीने. पण बूट पोहोचायच्या किंचित आधी ते बोट माझ्यावरून उडाले.

मी कलंडलो. जेमतेम तिळभर. लांबून बघणाऱ्याला ते दिसणे शक्यच नव्हते. बूट माझ्या कुशीत बसला आणि मी भरकटत डावीकडे, बँडवाल्यांच्या डोक्यांवर गेलो. सामना आम्ही एका गुणाने हरलो.

पुढच्या शनिवारी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. मित्रांनो, मला लाथेची भीती वाटेनाशी झाली. मला त्या बोटाची भीती वाटू लागली. मला सगळे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

डेनिसला लोक छळू लागले. शाळेच्या जेवणघरात त्याच्या हातात चमचा दिसला की कुणीतरी म्हणायचे, "हळू रे, तोंड सापडतंय ना तुला?" त्याचा बाप आणि लिओचा बाप खाणीत एकाच पाळीला होते. तिथे डेनिसच्या बापाच्या कपाटावर कुणीतरी खडूने दोन खांब काढले, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, आणि खाली लिहिले, 'पोराला एवढं अंतर पुरेल का?' बापाने ते पुसले नाही. तसेच ठेवून रोज कपाट उघडत राहिला, असे मुले सांगत होती. लिओ तेव्हा मला पुसत होता. त्याचा हात थांबला.

डेनिसला काढून बाकावर बसवले. मग गावभर किकरचा शोध सुरू झाला. न्हावी म्हणाला, माझा पुतण्या बघा. पाद्रीबाबांनीही एक नाव सुचवले. बेकरीवाली बाई वेलदोड्याचा पाव बांधून देता देता कोचना सांगायची की पायाला जोर नाही या पोरांच्या, दूधच पीत नाहीत. कोचनी हॅरल्ड ट्रेगेअरला उभे केले. हा बैलासारखा दांडगा. त्याने मला आपल्याच गड्याच्या पाठीत मारले. मग बँडमध्ये तुतारी वाजवणारा एल्मर, कारण तो लहानपणी डबे लाथाडण्यात पटाईत होता म्हणे. एल्मर सामन्याआधी मैदानाकडेच्या शेडमागे जाऊन ओकायचा. प्रत्येक जण सरावात बरा असायचा, कारण सराव मातीच्या ढिगावर व्हायचा. सामन्यात मात्र लिओचे बोट असायचे.

एका रविवारी लिओ मला घरी घेऊन गेला. लाकडे ठेवायच्या खोपटात त्याने मला उभे केले, बोट टेकवले आणि डोळे मिटले. बोट अगदी स्थिर होते. मग त्याने दुसऱ्या हातात ओंडका घेतला आणि तो बुटासारखा माझ्याकडे झोकला. बोट उडाले. पुन्हा केले, पुन्हा उडाले. तो स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात असावा.

दाराशी त्याचे वडील उभे होते.

"दुखतंय का अजून?" त्यांनी विचारले.

"नाही, पप्पा."

सगळे खरे लिओच्या ओठांपर्यंत आले होते.

"नाही ना? मग झालं," ते म्हणाले. "ये जेवायला."

लिओ गेला नाही लगेच. मला पोटाशी धरून बसून राहिला. त्याला बुटाची भीती होतीच. पण आता तिच्यापेक्षा मोठी दुसरी भीती झाली होती. जितके शनिवार जात होते, तितके सांगणे अवघड होत होते.

शेवटचा सामना कार्बन बे गावाशी होता. त्या गावाशी आमची जुनी चुरस. सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. आम्ही सहा गुण केले, एल्मर लाथ मारायला आला, बोट उडाले आणि मी आडव्या दांडीच्याही खालून गेलो. त्यांनी सहा केले आणि वर एक. मध्यंतराला आम्ही एका गुणाने मागे होतो.

शेडमध्ये शेगडी पेटली होती. कोच एल्मरपुढे उभे राहिले. ते रागावणारे गृहस्थ नव्हते, पण त्या दिवशी आवाज चढला. पायात काय भरलंय, लक्ष कुठे असतं, असे बरेच काही बोलले. एल्मरने मान खाली घातली आणि हळूच म्हणाला की कोच, मला परत बँडमध्ये जाऊ द्या. मुले हसली. बाकाच्या टोकाला डेनिस बसला होता. त्याचा गणवेश कोरा करकरीत होता. तो हसला नाही.

मी लिओच्या मांडीवर होतो. त्याने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"कोच," तो म्हणाला. "एल्मरची चूक नाही."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी बोट उचलतो. बूट यायच्या आधी. चेंडू कलतो."

शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. कोचनी टोपी काढली.

"कधीपासून?"

"पहिल्या सामन्यापासून. मी नाही उचलत, ते... ते आपोआप उचललं जातं. मला भीती वाटते, कोच."

सगळ्यांनी एकदम डेनिसकडे पाहिले आणि मग दुसरीकडे पाहिले. डेनिस उठला आणि लिओच्या समोर येऊन उभा राहिला.

"माझ्या बापाच्या कपाटावर काय काढलं होतं, ठाऊक होतं तुला?"

"हो."

"आणि तू गप्प होतास."

"हो."

मला वाटले, आता तो मारणार. लिओलाही तसेच वाटले असावे. त्याने मला बाजूला ठेवले आणि हात खाली सोडले. पण कोच मध्ये आले आणि त्यांनी एवढेच सांगितले की डेनिस, बूट बांध, लाथ मारायची वेळ आली तर तू मारशील. लिओ म्हणाला की कोच, धरायला दुसरा कोणी बघा.

"नाही," डेनिस म्हणाला. "हाच धरेल."

हे त्याने कोणत्या मनाने म्हटले, ते मला कळले नाही. लिओलाही कळले नाही. उरलेला सामना तो बर्फात उभा राहून सारखा डेनिसच्या बुटाकडे बघत होता.

शेवटपर्यंत कुणालाच रेषा गाठता आली नाही. अखेर वेळ संपत आली आणि तीन गुणांची लाथ मारणे एवढेच उरले. अंतर फार नव्हते. वेन असता तर हसत मारली असती. लिओने गुडघा टेकला. त्याने हातमोजा काढून फेकला आणि उघडे बोट दाखवून डेनिसला सांगितले, "इथे धरतोय."

डेनिस पावले मोजत मागे गेला.

मी मागे फेकला गेलो. लिओने मला झेलले, उभे केले, शिवण खांबांकडे वळवली आणि बोट टेकवले. ते थरथरत होते. पूर्वीपेक्षा जास्तच थरथरत होते. पावले आली. एक पाऊल, दुसरे. मला कधी नव्हे इतकी भीती वाटली, स्वतःसाठी नाही, त्या ताठ बोटासाठी. त्या बुटात सबंध हंगामाचा अपमान भरलेला होता, आणि तो जरासा वर आला असता तर कुणी त्याला दोषही दिला नसता.

बोट हलले नाही.

बूट जिथे बसायला हवा तिथेच बसला. मी उडालो. त्या वर्षी सामन्यात पहिल्यांदाच मी सरळ उभा असताना उडालो. खांब समोर दिसत होते, मोठे होत होते. आणि मग मला कळले की मी जरा उजवीकडे चाललो आहे. उजव्या खांबाला माझी कड घासली आणि मी बाहेरच्या बाजूला पडलो.

आम्ही हरलो. कार्बन बेची माणसे मैदानात धावली. लिओ गुडघ्यावरच होता. बोट अजून हवेत तसेच धरलेले, जणू मी तिथेच होतो. कोच आले, तेव्हा डेनिस त्यांना म्हणाला, "बोट हललं नव्हतं. मी मान वर केली, बघायला. लवकर केली. माझी चुकली."

हे सांगताना त्याचा चेहरा पडलेला नव्हता. मित्रांनो, महिनोन्‌महिने दुसऱ्याची चूक अंगावर वागवल्यावर स्वतःची चूक किती हलकी वाटते, ते मी त्या दिवशी पाहिले. मग तो लिओजवळ खाली बसला, त्याचा गारठलेला हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिले.

"शाबूत आहेत," तो म्हणाला. "चल, ऊठ."

लगेच काही सगळे गोड झाले नाही. हिवाळाभर दोघे फारसे बोलले नाहीत. लिओने डेनिसच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांना सगळे सांगितले, असे मी ऐकले. तिथे काय झाले ते मला माहीत नाही, मी पेटीत होतो. पण उन्हाळ्यात डेनिस मातीच्या ढिगाकडे गेला नाही. लिओ गुडघा टेकायचा आणि डेनिस लाथ मारायचा, कधी कधी संध्याकाळपर्यंत. बोट मधूनच उडायचे. उडाले की लिओ म्हणायचा, "उडालं." डेनिस म्हणायचा, "पुन्हा." पुढच्या शरदात स्पार लेकमध्ये कुणाला किकर शोधावा लागला नाही.

मग नवे चेंडू आले आणि मी पेटीच्या तळाशी गेलो. खाण बंद पडली, शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली, सामान विकायला काढले. आज मी डेनिसच्या घरामागच्या बाष्पस्नानाच्या खोलीत, लाकडी फळीवर असतो. वाफेने चामड्याचे हाल होतात, पण तक्रार कुणाकडे करू?

तुमच्याकडे एवढेच मागतो. चामड्याच्या वस्तूला अधूनमधून तेल लावा आणि तिला ओल्या जागी ठेवू नका. आणि संघात कुणी सारखा चुकू लागला, तर त्याला हसण्याआधी त्याच्या शेजारी गुडघा टेकून बसलेल्याकडेही बघा. तो घाबरलेला असेल. आपण घाबरलो आहोत का, हे कुणीतरी विचारावे, याची वाट बघत असेल. "दुखतंय का?" असे विचारा, आणि तो नाही म्हणाला तरी तिथून लगेच निघून जाऊ नका.