दुसऱ्यानं घातलेलं अंथरूण

प्रियदर्शनीला जपानी ॲनिमेचं वेड लागलं बारावीत, आणि नोकरी लागली तरी ते उतरलं नाही. त्यातल्या मारामाऱ्यांशी तिला देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता डोंगरातल्या जुन्या सराईत. कागदी सरकती दारं, गवती चटया, गुडघ्यांवर बसून चहा देणारी बाई, आणि जेवण झालं की जमिनीवर घातलेली पांढरीशुभ्र अंथरुणं. तिथं एकदा राहायचं, अगदी पडद्यावर दिसतं तसं, एवढंच तिला हवं होतं. सोबत यायची ती मैत्रीण लग्न ठरताच गळाली. उरली आई.

तानाबाईचा अर्धा जन्म मंगळवेढ्याकडं मेंढरांमागं गेलेला. नवरा धुळाप्पा वारल्यावर ती सोलापुरात, विजापूर रोडला लेकीजवळ राहायला आली होती. "लई लांब हाय का?" एवढंच तिनं विचारलं आणि कडक भाकरी, शेंगाचटणी नि एक चादर पिशवीत कोंबली.

"आई, तिथं अंथरूण-पांघरूण सगळं देतात गं."

"देऊ दे की. आपलं जवळ असल्यालं बरं."

जपानातली ती सराई मात्र हुबेहूब निघाली. दार सरकलं तशी प्रियदर्शनी रडलीच. मग तिनं आईला तिथला सुती झगा घातला आणि बजावलं, "हे बघ, इथं आपण पाहुण्या. कशाला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं."

जेवणं झाली. पिकल्या केसांची एक बाई आली, तानाबाईहून थोरलीच असेल. वाकून नमस्कार करून तिनं कपाटातल्या गाद्या काढल्या आणि त्यांवर चादर पसरायला घेतली. प्रियदर्शनीनं मोबाइल रोखला. एवढ्यात तानाबाई उठली आणि तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं. ती बाई गोंधळून थांबली.

"आई! बस म्हटलं ना! सगळा विचका करतेस."

तानाबाईनं टोक सोडलं आणि भिंतीशी जाऊन बसली. व्हिडिओ मात्र झकास निघाला.

सकाळी प्रियदर्शनीला जाग आली तर शेजारचं अंथरूण जसंच्या तसं, सुरकुतीसुद्धा नाही. तानाबाई भिंतीकडेला आपली सोलापुरी चादर अंथरून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

प्रियदर्शनीचं डोकं फिरलं. "एवढ्या लांब आणलं ते चटईवर झोपायला?"

"रागावू नगं. लई मऊ हाय ते, मी हात लावून बघितलं." तानाबाई उठून बसली. "पर आपल्यात बाईचं हातरूण दुसऱ्यानं कवा घालायचं? बाळंतपणात, न्हाय तर मरणाच्या दुखण्यात. मला भ्या वाटलं."

मग खिडकीकडं बघत म्हणाली, "तुझ्या येळंला माझ्या आईनं घातलं हुतं. सव्वा महिना मला कशाला हात लावू दिला न्हाय तिनं. ती गेली. मग कुणी घातलं न्हाय." तक्रार नव्हती त्यात. यंदा ज्वारी बरी आली म्हणावं, तसं ती सांगत होती.

प्रियदर्शनीनं व्हिडिओ पुन्हा लावला. कोपऱ्यात, भिंतीशी, आई दोनदा उठायला गेली होती आणि दोनदा बसली होती. काल तिला नुसत्या चादरी दिसल्या होत्या. आणि सोलापुरात? जेवून, मोबाइल घेऊन ती आत जायची तेव्हा तिचं अंथरूण रोज घातलेलंच असायचं. ते कोण घालतं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सोलापुरात परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी, तानाबाई भांडी घासत होती तेव्हा, प्रियदर्शनीनं आत अंथरूण घातलं. चार वेळा घातलं तेव्हा कुठं सरळ झालं. मग ती उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसून राहिली.

पदराला हात पुशीत तानाबाई आली नि थबकली. "ह्ये काय गं? मी काय बाळंत झाले का काय?"

"झालीस की. मी कुठून आले मग?"

तानाबाई हसली. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग हळूच आडवी झाली. डोळे मिटले. प्रियदर्शनीला वाटलं, झोपली.

"पिये," आतून आवाज आला, "पायाकडनं जरा वड की चादर."

तिनं ओढली.