मोटारीची विचारपूस

परशुरामानं मोटार आपल्या गुंद गावाला आणली, तेव्हा अर्धा गाव तिला हात लावून बघायला धावला होता. कॅसलरॉकला आगगाडीतून उतरावं आणि पुढं रानातून बैलगाडीनं नाहीतर पायी घर गाठावं, अशा मुलखात मोटार! बेळगावहून आणलेली, जुनी का होईना, पण मोटार! परशुराम तिला रोज पुसायचा. नुसत्या आवाजावरून तिचा राग-लोभ ओळखायचा. त्याला लहानाचं मोठं करणारी यमुनाआत्या हसून म्हणायची, "परशा, तुझं खरं लगीन हिच्यासंगट झालंय बग!" आणि त्याची बायको केशरही तोंडाला पदर लावून हसायची.

त्या दिवशी केशर माहेराहून आली. कॅसलरॉकला उतरून मोटारीत त्याच्या शेजारी बसली. रानातल्या एका वळणावर सागवानाचे ओंडके भरलेली बैलगाडी पुढं आडवी उभी होती. परशुरामानं करकचून ब्रेक दाबला, तरी मोटार बाहेर आलेल्या ओंडक्यावर आदळलीच. समोरच्या लोखंडी कडेवर केशरचं पोट आपटलं. परशुराम उडी मारून खाली उतरला, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा,

"दिवा गेला की गं!"

केशर सावकाश उतरली आणि रस्त्यावरच्या काचा पदरात वेचू लागली. "चाकात जातील," एवढंच म्हणाली. 'तुला कुठं लागलं न्हाई न्हवं?' हे विचारायला कितीसा वेळ लागतो? पण परशुराम वाकलेल्या पत्र्याखाली डोकं घालून बसला होता.

घरी आल्यावर गाव गोळा झाला. जो तो पत्रा चाचपू लागला, हळहळू लागला. नारळ फुटला. यमुनाआत्यानं मीठमोहऱ्या ओवाळून मोटारीची दृष्ट काढली. आल्यागेल्याला गूळपाणी दिलं ते केशरनं.

दुसऱ्या दिवसापासून मोटार एका अंगाला ओढू लागली. परशुरामाला चैन पडेना. "हिला आत कायतरी लागलंया," असं तो दिसेल त्याला सांगायचा. त्यानं बेळगावच्या बाबुराव मिस्त्रीला निरोप धाडला.

इकडं केशर भात कांडता कांडता थांबायची आणि मुसळाला टेकून उभी राहायची. "माहेरची सुस्ती अजून गेली न्हाई व्हय?" परशुरामानं एकदा टोमणा मारला. ती जेवते की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या घरांतून बाई सगळ्यांच्या मागनं जेवते ना! सगळ्यांची पानं ती बघते, तिचं पान कोण बघणार?

बाबुराव आला. त्यानं मोटार उचलून टेकू दिला, पुढची चाकं काढली, आणि चाकांना जोडणाऱ्या दांडीवर बोट ठेवलं. तेलकट मळाखाली बारीक चीर होती.

"मालक, वरनं काय कळत न्हाई बगा. हे असंच चालवलं असतं तर घाटात जीव घेतला असता हिनं."

"मी म्हणत न्हवतो?" परशुराम फुशारकीनं म्हणाला. "माझी गाडी हाय. तिचं दुखणं मला कळणार न्हाई व्हय?"

तेवढ्यात परसात घागर आदळल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ आत्याची किंकाळी.

केशर सांडलेल्या पाण्यात पडली होती. आत्यानं तिचं लुगडं सैल केलं. पोट फुगून घट्ट झालं होतं, कुशीवर काळानिळा डाग पसरला होता. परशुरामानं तो डाग पहिल्यांदाच बघितला. एकाच घरात राहून!

"कॅसलरॉकला न्या, तिथं डॉक्टर भेटंल!" बाबुराव ओरडला. पण मोटार चाकं काढून बसलेली. शेवटी घोंगडं बांबूला बांधून डोली केली, माणसं धावत सुटली. परशुराम डोलीला हात लावून पळत होता.

"का बोलली न्हाईस गं? का?"

केशरनं डोळे उघडले. "तुमी गाडीच्या घोरात हुता... त्यात माझं कुठं काढू?"

स्टेशनाचं छप्पर झाडांतून दिसू लागलं होतं. तिथंच तिचा श्वास थांबला. अरेरे! लोक डोली खाली ठेवायलाही विसरले.

दहावं-तेरावं झालं, पाहुणे गेले. परशुराम ओसरीवर बसून रडत होता. "एक शब्द बोलली असती तर, आत्या! कसंबी करून न्हेली असती मी तिला."

आत्याचे डोळे कोरडे झाले होते. "कशी बोलंल? बाईनं दुखतंय म्हटलं तर तुमी सुस्ती म्हणता, आमी सासवा नखरे म्हणतो. सोसणारी ती शाणी, असं मीच शिकवलं तिला. आणि दृष्ट काढली कुणाची, तर लोखंडाची! परशा, गाडी मुकी, तरी तिचं दुखणं तुला कळलं, कारण तू कान देऊन बसला हुतास. तसा कान घरात दिला असतास तर?"

 

मोटार दुरुस्त झाली, कॅसलरॉकचे उतारू घेऊन पुन्हा धावू लागली. पण घरात त्यानं नवा रिवाज पाडला. आत्याचं पान आपल्या पानाशेजारी मांडल्याशिवाय तो घास उचलत नसे. मोटारीला जरा कुठं हिसका बसला की आधी मागं वळून प्रत्येक बाईला विचारी, "कुठं लागलं न्हाई न्हवं, बाई? खरं सांगा!" आणि 'काय न्हाई' असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारी. लोक हसत. हसू देत!

बंधूंनो, आपल्याही घरात एखादी 'काय न्हाई' म्हणून कामाला लागत असेल. तिच्या त्या दोन शब्दांवर विसंबू नका. आजच जवळ बसून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसा. केशरनं वेचलेल्या काचा अजून परसातल्या कोनाड्यात, फडक्यात बांधून ठेवलेल्या आहेत. चाकात एकही गेली नाही.