माळावरच्या बोरींचा पंचनामा

छप्पन सालच्या वैशाखात एक सरकारी कारकून चिंचवडच्या पलीकडच्या माळावर आला आणि इथली झुडपं मेलेली आहेत, असं उभ्या उभ्या सांगून मोकळा झाला. माळ कारखान्याला द्यायचा होता. झुडपं मेलेली, चारा नाही, असं पंचनाम्यात आलं की गावाचा चराईचा हक्क गेलाच. छबूबाईच्या बारा शेळ्या याच माळावर जगत होत्या, आणि शेळ्यांच्या जिवावर ती आणि तिचा नवरा सोनबा. बरं, पंच कोण? तर सोनबाच. कागद पुढे आला की अंगठा उठवायचा, एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक.

वैशाखात येऊन बोरीला मेली म्हणायचं, म्हणजे दुपारी झोपलेल्या माणसाची तिरडी बांधण्यातला प्रकार. छबूबाईचं डोकं फिरलं. ती तरातरा आली, कारकुनाला एका बोरीपुढे उभं केलं आणि नखानं साल खरवडली. आत ओली हिरवी रेघ निघाली.

मग तिनं एकेकीची ओळखच करून दिली. सगळ्या एकाच कुळातल्या, पण जावाजावांसारखी प्रत्येकीची तऱ्हा निराळी. थोरली बोर पाणी आटलं की पानं टाकून मोकळी होते, खर्चच नको. घोटबोर तिच्याच मागे जाते. धाकटी चणीबोर मात्र हट्टी. मोजकी बारीक पानं धरून बसते, त्यांना खालून लव असते, म्हणून ती लवकर सुकत नाहीत. शेळ्या सध्या तिच्यावरच होत्या. विहीर खणताना दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं खाली तिचं मूळ कुदळीला लागलेलं छबूबाईनं स्वतः पाहिलं होतं.

कारकून घाम पुसत हसला. म्हणाला, बाई, साहेबांनी मजकूर आधीच लिहून दिलाय, मला फक्त अंगठे न्यायचेत. आणि त्यानं सोनबाचा अंगठा शाईत दाबला.

सोनबा अंगठा तसाच धरून उभा राहिला. कागदात काय लिहिलंय, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं होतं.

"जित्या झाडाला मेलं म्हनून अंगठा न्हाई द्यायचा मी," तो म्हणाला आणि त्यानं शाई धोतराला पुसली.

दुसऱ्या गावचा पंच आणतो, असा दम देऊन कारकून निघून गेला. सोनबाचा चेहरा उतरला. छबूबाईला मात्र नवऱ्याचा एवढा अभिमान वाटला, की तिनं तो बोलूनही दाखवला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, असं ती कधी बोलली नव्हती.

तिसऱ्या दिवशी कारकून खरोखरच नवा पंच घेऊन आला. छबूबाई भाकरी बांधून सकाळपासून माळाच्या वाटेवर बसली होती. शेजारी सोनबा, आणि वाट अडवून बाराच्या बारा शेळ्या.

"टेका पावनं," ती पंचाला म्हणाली. "समदं पयल्यापासनं सांगते. मला काय घाई न्हाई."