शुभंकरची जागा

दिशाने होडीवरची वायरलेसची पेटी टेबलावर उघडली, लॅपटॉपची वायर जोडली आणि नवी प्रणाली चढवून पाहिली. तिसऱ्यांदा तोच नकार आला: जागा अपुरी.

पेटीची मेमरी म्हणजे बांध नसलेलं शेत. कुठून कुठवर काय आहे, हे तिचं तिला ठाऊक नसतं; ते एका छोट्या फाइलमध्ये लिहावं लागतं आणि पेटी चालू होताच आधी तीच वाचते. अशा फाइली लिहिणं ही दिशाची रत्नागिरीतली नोकरी. इथवर प्रणाली, पुढे नकाशे. शेवटच्या तुकड्याला तिनेच नाव दिलं होतं, 'शुभंकर', आणि पुढे लिहिलं होतं: फक्त वाचनासाठी.

शुभंकर, तिचा नवरा, गेल्या शिमग्यात होडीवरून पडला तो मिळालाच नाही. वायरलेसवरचं बोलणं ही पेटी तोवर त्याच तुकड्यात साठवायची. "त्याचा आवाज हाय ना गो त्यात?" असं सासऱ्यांनी, आप्पांनी, तेव्हा विचारलं आणि दिशा हो म्हणून मोकळी झाली. खरं तर तो तुकडा कोरा होता. काही नोंदलंच गेलं नव्हतं. रडू तिला तेव्हाही आलं नाही, आताही येत नव्हतं. दगड बरा, उन्हात तापतो तरी.

आता नारळी पौर्णिमेनंतर धाकटा दीर गौरव होडी नेणार होता. समुद्रात प्रणाली बिघडली तर मदतीचा इशारा द्यायला तिची दुसरी प्रत पेटीत हवी, आणि ती मावणार होती फक्त त्याच तुकड्यात. कोरी जागा वापरायला कुणाचं काय जातं? पण आप्पांच्या लेखी त्यांचा मुलगा तिथे होता. त्यांना न विचारता हात लावणं तिला जमेना.

आप्पा पडवीत जाळं सांधत बसले होते.

"आप्पा, गौरवसाठी शुभंकरचं पुसायला लागेल."

आप्पांचा हात थांबला.

"मग पूस. पन आधी मला एकदा ऐकव."

  दिशाकडे खरं सांगायचं धैर्य नव्हतं आणि आणखी खोटं बोलायचं त्राण नव्हतं. तिने लॅपटॉप बाहेर आणला, हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला आणि तो कोरा तुकडा वाजवायला लावला.

आप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिला.

"होडीवर तो कमीच बोलायचा," ते म्हणाले. "पूस आता, बाय."