तीन शॉर्टस्टॉप आणि एक ग्लोज

मित्रांनो, माझ्या तळव्याला नाक लावून पाहा. खोबरेल तेल, लाल माती आणि तीन माणसांचा घाम, असा एक वास तुम्हाला येईल. मी बेसबॉलचा ग्लोज आहे, डाव्या हातात घालायचा. रंग कधीकाळी पिवळसर होता, आता तो वाळलेल्या चिकूच्या सालीसारखा झाला आहे.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. कारागिरांनी कमावलेलं जाड चामडं कापलं, बोटं शिवली, अंगठा आणि तर्जनीच्या मधे चामड्याच्या वाद्यांची, म्हणजे बारीक पट्ट्यांची, जाळी विणली. बॉल अडकतो तो या जाळीत. मग एका खोक्यात बसून मी डहाणूला आलो आणि तिथून जीपने गंजाडच्या पुढे, एका पाड्याजवळच्या आश्रमशाळेत. खोकं उघडल्यावर पोरं हसली. भट्टीवरचं तापलेलं भांडं उचलायला मला आणलं आहे, असं त्यांना वाटलं!

खेळाच्या सरांनी मला सुकऱ्या नावाच्या पोराच्या हातात घातलं आणि त्याला दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांच्या, मधे उभं केलं. या जागेला शॉर्टस्टॉप म्हणतात. सगळ्यात अवघड फटके तिथेच येतात. बॉल अडवायचा, उचलायचा आणि धावणारा पोचायच्या आत थेट पहिल्या बेसवर फेकायचा. डोळा, पाय आणि हात, तिन्ही एकदम चालले तरच हे जमतं.

सुकऱ्याचं तिन्ही चालायचं. तेव्हाचं मैदान म्हणजे कापणीनंतरचं शेतच होतं. बॉल कुठल्या ढेकळावर आपटून कुठे उडेल याचा नेम नसे. म्हणून सुकऱ्या खूप मागे उभा राही. हातात आला तर आला, नाहीतर छातीवर घेई. दगड मारून कैऱ्या पाडता पाडता त्याचा हात असा तयार झाला होता की तिथून फेकलेला बॉल पहिल्या बेसवरच्या उमेशच्या ग्लोजमध्ये फटाक्यासारखा वाजायचा. उमेश त्याचा जिवलग दोस्त. संध्याकाळी सुकऱ्या माझ्यावर तेल चोळी, मधे बॉल ठेवून दोरीने मला बांधी आणि उशाशी घेऊन झोपे. दहावीनंतर शाळा सुटली, तेव्हा मला परत करताना तो बराच वेळ दारात उभा होता.

मग काही वर्षांनी लाडकी नावाची मुलगी आली. अंगाने लहानखुरी, हाताला जोर बेताचा. पण ती फलंदाजाच्या पायांकडे बघे आणि फटका बसायच्या आधीच सरकलेली असे. बॉल माझ्यात पडला म्हणेपर्यंत तिच्या उजव्या हातातून सुटलेला असे. कित्येकदा तर मलाच कळायचं नाही, की तो आला कधी आणि गेला कधी. तिच्या काळात शाळेने पहिला मोठा करंडक जिंकला.

आणि तिथेच माझे चांगले दिवस संपले.

उमेश आता त्याच शाळेत खेळाचा शिक्षक झाला होता. त्याने मला करंडकाशेजारी काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे आले की तो सांगे, "हा सुकऱ्याचा ग्लोज. असा शॉर्टस्टॉप पुन्हा होणे नाही." दसऱ्याला मला झेंडूची माळ घालत. मित्रांनो, मला हळदकुंकू मिळालं, पण तेल मिळालं नाही. पावसाळ्यात बुरशी धरे, उन्हाळ्यात चामडं तडके. जाळीच्या वाद्या आतून कुजत गेल्या. बाहेरून मात्र मी तसाच रुबाबदार दिसत होतो.

अशात योगिता शाळेत आली. मैदान आता सपाट झालं होतं, बॅटी धातूच्या आल्या होत्या आणि बॉल पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात येई. ही मुलगी मोबाइलवर परदेशी खेळाडूंचे जुनेनवे खेळ बघे आणि सकाळी एकटीच भिंतीवर बॉल मारून तसं करून पाही. हात उलटा करून बॉल उचलायचा, हवेत उडी मारायची आणि खाली यायच्या आत फेकायचा. उमेश सर इतके खूश झाले की त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं.

"हा सुकऱ्याने घातला, लाडकीने घातला. आता तू घाल," ते म्हणाले.

केवढा आनंद झाला मला! पण दुसऱ्याच सरावाला एक सणसणीत बॉल आला. योगिताने मला अगदी बरोबर जागी धरलं. बॉल माझ्या जाळीत शिरला आणि जाळीतून आरपार निघून तिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. डहाणूला नेऊन टाके घालावे लागले.

सगळ्यांना वाटलं, तिच्या हातून बॉल सुटला. मला ठाऊक होतं काय झालं ते. पण आम्हाला कुठे तोंड असतं?

टाके निघाल्यावर ती पुन्हा मैदानात आली, शाळेतला दुसरा ग्लोज घालून. मी परत कपाटात गेलो होतो. पण आता बॉल जवळ आला की तिची मान आपोआप वळे. मान वळली की बॉल सुटे. जिल्ह्याची निवड तोंडावर आली होती. सर वैतागून म्हणाले, "सुकऱ्याने कधी मान वळवली नाही! छातीवर घ्यायचा तो. तुझं असंच चाललं तर तुला मागे पाठवावं लागेल, लांबच्या मैदानात."

 रविवारी दुपारी योगिताने सरांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली, मला काढलं आणि तडक सुकऱ्याच्या घरी गेली.

सुकऱ्या आता घोलवडच्या एका चिकूवाडीत कामाला जाई. त्या दिवशी सुट्टी म्हणून अंगणात बसून तो कुडाच्या भिंतीची काठी बदलत होता. योगिताने मला त्याच्या पुढ्यात टाकलं.

"हा घ्या काका, तुमचा ग्लोज. मला नको."

"का गं? चावला का?"

"चावलाच. आणि सर म्हणतात, तुम्ही कधी मान वळवली नाय. मी तुमच्यासारखी नाय. मला नाय खेळायचं."

सुकऱ्याने मला उचललं. इतक्या वर्षांनी तो हात! बोटं जाड झाली होती, कष्टाने आत गेली. त्याने दोनदा मूठ मिटली, उघडली. मग उठून कुडापाशी उभा राहिला.

"बॉल हाय ना? टाक."

"कशाला?"

"टाक तर. जोरात टाक, रागवलीस ना?"

ती रागावलेलीच होती. तिने सगळा राग त्या बॉलमध्ये भरला. सुकऱ्याने मला तोंडासमोर उघडलं, जागा अचूक होती, पण बॉल माझ्यातून सरळ पार झाला. सुकऱ्याने झटकन मान वळवली. बॉल कानाला वारा देत गेला आणि मागच्या खुराड्यावर आदळला. कोंबड्या कलकलाट करत अंगणभर पळाल्या.

योगिता ओरडली, "काका! तुम्ही मान वळवली!"

"वळवली म्हणून तर नाक जागेवर हाय!"

दोघं हसायला लागले. हसता हसता सुकऱ्याने माझी जाळी उचकटून पाहिली. वादीचा तुकडा त्याच्या बोटांत भुगा होऊन आला. त्याचं हसू थांबलं.

"बघ. वादी कुजलीय. तुझा हात बरोबर होता, पोरी. हाच दगा देत होता."

योगिताने ओठावरच्या वणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. एवढे दिवस उरावर असलेलं ओझं कुणीतरी उतरवून ठेवावं, तशी ती दिसत होती.

सोमवारी सुकऱ्या चिकूवाडीत गेला नाही, शाळेत आला. येताना लाडकीलाही घेऊन आला. लाडकी आता डहाणू-तलासरी एसटीवर कंडक्टर आहे. निरोप मिळताच तिने डहाणूच्या चपला शिवणाऱ्या मामांकडून चामड्याच्या नव्या वाद्या आणल्या होत्या. सुकऱ्याने तुटकी वादी उमेश सरांच्या तळहातावर ठेवली.

"उमेश, माझं नाव घेऊन पोरीला मारू नको."

सरांनी ती वादी चिमटीत धरली, तिचा भुगा झाला. मग हळूच म्हणाले, "तू गेलास, मग पहिल्या बेसवर तसा आवाज कधी आला नाही रे. मी तोच शोधत राहिलो." ते योगिताकडे वळले. "माझं चुकलं, बाळा. ग्लोज तपासून द्यायला हवा होता. तुझ्यावर ढकललं मी."

त्या दिवशी झाडाखाली बसून लाडकीने माझी जाळी नव्याने ओवली. योगिताने तेल चोळलं. चोळता चोळता तिने विचारलंच, "पण खरं सांगा, तुमच्यात भारी कोण?"

लाडकी म्हणाली, "दादाचा हात म्हणजे तोफ. मी त्याच्या जागेवरून फेकला असता तर बॉल रस्ता विचारत विचारत गेला असता पहिल्या बेसला!"

"आणि हिचं डोकं मला असतं, तर छातीवर एवढे बॉल खाल्ले नसते," सुकऱ्या म्हणाला. "आमच्या टायमाला लाकडी बॅट. आता बॉल येतो तो दिसत पण नाय. मी आज उभा राहिलो तर पळून जाईन."

मित्रांनो, हा वाद पाड्यावर अजून चालतो. मला विचाराल, तर तिघांचेही हात मी आतून ओळखतो. सुकऱ्याच्या मैदानात योगिताची उडी ढेकळात अडखळली असती. लाडकीने अडवलेले काही फटके सुकऱ्याला गाठता आले नसते, कारण तो मागे उभा असे. आणि योगिताकडे आज जसे बॉल येतात, तसे त्या दोघांनी कधी पाहिलेच नाहीत. ज्याच्या वाट्याला जे मैदान आलं, त्यावर तो कसा उभा राहिला, एवढंच मी सांगू शकतो. तिघंही नीट उभे राहिले.

डहाणूला निवडीचा सामना झाला, तेव्हा योगिताच्या हातात शाळेने घेतलेला नवा ग्लोज होता. मी सुकऱ्याच्या मांडीवर होतो. पहिलाच बॉल आला आणि तिची मान वळली. बॉल सुटला. माझी नवी वादीसुद्धा ताठ झाली! उमेश सर उभे राहिले, पण ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "होतं गं. पुढचा बघ."

पुढचे दोन तिने जपून अडवले. मग शेवटी शेवटी एक फटका तिसऱ्या बेसच्या बाजूने खोलवर गेला. योगिता तिरकी धावली, हात उलटा करून तिने बॉल उचलला आणि नजर बॉलवरून हलवली नाही. थांबायला वेळच नव्हता. तिने हवेत उडी मारली, हवेतच वळली आणि फेकला. धावणारी बाद! लाडकी गळ्यातली शिट्टी फुंकत सुटली, जशी एसटी सोडायची असावी. जिल्हा संघाच्या शिबिरासाठी निवडलेल्यांची नावं वाचली, त्यात योगिताचं होतं.

गर्दीत कुणी वयस्कर गृहस्थ म्हणाले, "सुकऱ्याची आठवण आली बुवा."

सुकऱ्या डोळे पुसत म्हणाला, "मला तर नाय आली."

आता मी कपाटात नसतो. पाचवी-सहावीची मुलं सरावाला मला वापरतात. काल बारकी नावाच्या मुलीने मला घातलं, तेही उजव्या हातात. बॉल आला, अंगठ्यावर आपटून खाली पडला. कुणी तिला सांगितलं नाही, की हा ग्लोज कुणाकुणाचा आहे. सरांनी फक्त हात बदलून दिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, तिचं तुम्हाला कौतुक असेल. तिला नुसती माळ घालू नका. तेल द्या, टाके तपासा आणि तिला कामाला लावा. आणि तुमच्यापेक्षा लहान कुणी मैदानात उभं असेल, तर त्याला जुनी नावं सांगण्याआधी त्याचा ग्लोज एकदा हातात घेऊन बघा.

बारकी परत उभी राहिली आहे. या वेळी डाव्या हातात. बॉल येतोय. मला उघडायला हवं.