लांब पाईप, आखूड पाईप आणि मी

बॉनेट उघडलंच आहे, तर दोन शब्द ऐकून घ्या. घाई असेल तरी ऐका, मी काही रोज बोलत नाही. बॅटरीच्या शेजारी ती काळी, बोजड, धुळीने माखलेली पेटी दिसतेय ना, ती मी. गॅरेजवाले मला फिल्टरचा डबा म्हणतात. म्हणोत बापडे. मी स्वतःला पेटीच म्हणवून घेते.

माझं काम एकच. बाहेरची हवा आत घ्यायची, पोटातल्या कागदाच्या घड्यांतून गाळायची आणि इंजिनाला द्यायची. आई काटे काढून पोराला मासा भरवते, तसं. पोराला कुठे ठाऊक असतं काटे कोणी काढले ते? इंजिनालाही कधी ठाऊक नव्हतं.

माझा पहिला मालक मुलुंडचा. त्याने सीटला मखमल घातली, काचेला पडदे लावले, पण मला एकदाही उघडून बघितलं नाही. धूळ खाऊन खाऊन माझ्या पोटाची चूल झाली. मग एक दिवस त्याने गाडी विकून टाकली आणि आम्ही कांजूरमार्गला भीमराजच्या दारात आलो.

भीमराजने जन्मभर गाड्या चालवल्या, पण दुसऱ्यांच्या. अंधेरीच्या एका स्टुडिओवाल्या साहेबाकडे ड्रायव्हर होता. साहेब आत थंडगार बसायचे आणि हा बाहेर उन्हात, गाडी बंद करून, काच खाली करून वाट बघायचा. साहेबाची मुलं परदेशी निघाली की विमानतळावर हाच सोडायचा. साहेब मुलांना मिठी मारायचे तेव्हा हा बाजूला बॅगा धरून उभा. निवृत्तीनंतर त्याने ही जुनी गाडी घेतली. पहिल्याच दिवशी बॉनेट उघडलं, माझे खटके सोडले, कागद काढून पायरीवर आपटला आणि म्हणाला, "किती गं धूळ खाल्लीस बाई." एवढंच. पण त्या एका शब्दावर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं.

घरात बायको राधा, मुलगी तेजल, मुलगा किरण. राधाने डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती बसवली. तिचं एकच वैर होतं, उंदरांशी. आमच्या भागात उंदीर माणसाला भीत नाहीत. एका हिवाळ्यात त्यांनी गाडीच्या वायरी कुरतडल्या. तेव्हापासून ती बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवायची. मला शिंका यायच्या, पण बोलणार कोणाला?

तेजल नर्स झाली आणि तिला आखातातल्या इस्पितळात नोकरी लागली. घरात पेढे वाटले. भीमराज मात्र खाली येऊन गाडीपाशी उभा राहिला, बॉनेटवर हात ठेवून. म्हणाला, "लेकीला मी सोडणार. माझ्या गाडीतून. ह्या वेळी बॅगा आपल्या पोरीच्या." तो इंजिनाशी बोलला की माझ्याशी, कोण जाणे. मी आपलं माझ्याशीच धरलं.

त्याच सुमारास किरणच्या डोक्यात पाईपचं भूत शिरलं. अंधेरीच्या ऑफिसात त्याचा एक दोस्त होता, सौरभ. त्याची गाडी गुरगुरायची आणि आमची खोकायची. सौरभ म्हणायचा, "तो डबा फेक रे. म्हातारीसारखी श्वास घेते तुझी गाडी." आता म्हातारी तर मी होतेच. त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं?

किरणने भीमराजला घाटकोपरला धोंडिरामच्या गॅरेजमध्ये नेलं. धोंडिरामने दोन पाईप पुढ्यात ठेवले, एक आखूड, एक लांब. दोघांच्या टोकाला जाळीचं उघडं फिल्टर, शंकूसारखं.

"आखूड घेतलास तर आवाज एक नंबर," धोंडिराम म्हणाला. "पाय ठेवला की गाडी उसळणार. पण बॉनेटमध्येच राहतो ना, ट्रॅफिकमध्ये इंजिनाचीच गरम वाफ पिणार. लांबवाला खाली बंपरच्या आत उतरतो. तिथे गार हवा. गार हवेत ताकद जास्त. पण तोंड खाली आहे, तुंबलेल्या पाण्यात घातलीस तर पाणी ओढील. मग इंजिनाचा बाजार उठला समज."

"आखूडच बरा ना यार," किरण म्हणाला. मग म्हणाला, "नाही, लांब. थांबा, पप्पा, तुम्हीच सांगा."

खरं सांगू? मी हसले. माझ्याही अंगाला एक नाक आहे, पुढच्या जाळीमागे, उंचावर. गार हवाही मिळते आणि पाण्याची भीतीही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण ह्या पोरांना गुरगुर हवी होती, ती माझ्यापाशी नव्हती.

भीमराजने दोन्ही पाईप हातात घेऊन बघितले. त्याला माझी शांत गाडीच आवडायची. ते मला ठाऊक, त्यालाही ठाऊक. पण लेक परदेशी निघालेली, पोराचं मन तरी का मोडायचं?

"गरम हवा नको," तो शेवटी म्हणाला. "गरम हवेत बसून बसून माझं अर्धं आयुष्य गेलं. लांबच लाव."

मला उपटून काढलं. एक खटका तुटला. धोंडिराम भंगाराकडे हात करून म्हणाला, "टाकू?"

"नको," भीमराज म्हणाला. "डिकीत ठेव. लागेल कधी."

"पप्पा, तुम्ही काहीच टाकत नाही," किरण म्हणाला.

"तुलाही नाही टाकलं," भीमराज म्हणाला.

तर अशी मी डिकीत आले. अंधार, स्टेपनी आणि जॅक. पुढून तो लांब पाईप गुरगुरायचा ते ऐकत पडून राहायचे. राग नव्हता हो. थकवा होता. इतकी वर्षं हवा गाळून शेवटी कोणी विचारलं नाही, एवढाच सल.

तेजलच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी राधा गाडीपाशी आली. वाकून बघितलं तर बंपरखाली एक उघडं तोंड. "आई गं," ती पुटपुटली, "उंदराला आयतं दार केलंय की." आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला, त्यात डांबराच्या गोळ्या बांधल्या आणि ते गाठोडं खालून हात घालून फिल्टरभोवती गच्च गुंडाळलं. डिकीपर्यंत वास आला. गाडीच्या पोटात राहिलेल्याला हे लगेच कळतं. बाई, ते नाक आहे, मी आतून ओरडत होते. ऐकतंय कोण?

सकाळी भीमराजने गाडी धुतली. ड्रायव्हरची सवय, मोठा दिवस असला की बादलीभर पाणी जास्तच. बंपरवर मारलं, चाकांवर मारलं. ती साडी चिंब भिजली.

सगळे बसले. भीमराज स्टेअरिंगवर, किरण शेजारी, मायलेकी मागे. तेजलच्या बॅगा माझ्या अंगावर रचलेल्या.

"पप्पा, आज साहेब कोण?" तेजलने विचारलं.

"तू. मागेच बस आणि मला रस्ता शिकवू नको."

सरळ रस्त्याला गाडी बरी चालली. पवईचा चढ लागला, भीमराजने पाय दाबला आणि गाडीचा श्वास अडकला. ओलं कापड आणि इंजिनाची ओढ. ते फिल्टरला असं चिकटलं, जसं कोणी तोंडावर हात ठेवावा. धक्का, काळा धूर, परत धक्का. मग बंद.

किरणने बॉनेट उघडलं. वर सगळं लखलखीत, काहीच दिसेना. मागून हॉर्न वाजत होते. भीमराज चावी फिरवत राहिला, परत परत.

"अहो, विमान जाईल तिचं," राधा म्हणाली.

भीमराजने चावी सोडली. उतरला, स्वतः हात दाखवून काळी-पिवळी टॅक्सी थांबवली, बॅगा उचलून तिच्यात ठेवल्या. पुन्हा बॅगाच. तेजल म्हणाली, "पप्पा, तुम्हीपण चला ना."

"गाडी रस्त्यात टाकून? तू हो पुढे. आम्ही आलोच मागून."

मायलेकी गेल्या. किरण ऑफिसच्या शर्टात रस्त्यावर आडवा झाला, खाली हात घातला आणि ते गाठोडं ओढून काढलं. साडीचा काठ बघितला. दोघांनीही ओळखला.

"पप्पा, हे तर आईचं..."

"दे इकडे," भीमराज म्हणाला. पिळलं आणि खिशात घातलं. "आणि पाणी मी मारलं. चल."

"पाईप मी लावायला सांगितला होता," किरण म्हणाला.

 गाडी एका चावीत सुरू झाली आणि चढ सहज चढून गेली.

विमानतळावर पोलिसाने डिकी उघडायला लावली. "हे काय?"

"गाडीचं जुनं सामान आहे साहेब."

उघड्या डिकीतून मला दिसलं. राधा काचेच्या दाराबाहेर एकटी उभी. तेजल आत गेलेली. आत नुसती गर्दी, आणि काचेवर बाहेरचंच ऊन. तेवढ्यात भीमराजचा फोन वाजला.

"पप्पा, पोचलात? मी दिसतेय का?"

भीमराजने काचेकडे बघितलं. त्याला काही दिसत नव्हतं, मी शपथेवर सांगते.

"दिसतेस की," तो म्हणाला. "निळ्या ओढणीत. हात वर कर जरा. हां. दिसलीस."

राधाने तोंडाला पदर लावला. मग फोन ठेवल्यावर विचारलं, "काय झालं होतं हो गाडीला?"

किरण पटकन म्हणाला, "पाईपच बोगस निघाला, आई."

दुसऱ्या दिवशी किरणने स्वतःच्या हाताने मला परत बसवलं. तुटलेल्या खटक्याला तार बांधली. पोटात नवा कागद घातला आणि झाकण लावताना मला थोपटलं, अगदी बापासारखं. लांब पाईप आता गॅलरीत कारल्याच्या वेलाला आधार देतो. साडीचा तुकडा धुऊन काचा पुसायला ठेवलाय. राधाने तो बघितला, हातात घेतला, आणि घडी करून परत ठेवला.  बॉनेटमध्ये तंबाखू मात्र परत सुरू झाली.

आता माझी कड चिरली आहे, तार गंजतेय. भीमराज रविवारी झाकण उघडतो, कागद झटकतो आणि म्हणतो, "सुट्टीला येईल ती. आणायला जायचंय. तेवढी तग धर."

धरते. पण तुम्ही बॉनेट उघडलंच आहे, तर ती तार तेवढी बदला. मला नवा पाईप नको, पॉलिश नको. लेक एकदा ह्या गाडीत मागे बसून घरी येऊ दे, पवईचा चढ उतरू दे. मग मला खुशाल भंगारात घाला. खूप हवा गाळून झाली.