दहा फरश्या बाय बारा

टाचणी हे तिचं लहानपणचं नाव. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून बाबांनी ठेवलेलं. पुढे ती शिवणकाम करू लागली आणि नाव जन्माचं चिकटलं. आता ती पन्नाशीला आली होती, आणि बाबांना तिच्या घरी राहायला येऊन तीन आठवडे झाले होते.

आई गेली तेव्हापासून बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. भाड्याचं जुनं घर सोडलं, टाचणीने मागच्या खोलीतलं मशीन एका बाजूला सरकवलं आणि तिथे त्यांचा पलंग टाकला. त्या खोलीत बाबा पाहुण्यासारखे राहायचे. पलंगाच्या कडेवर बसायचे, काही मागायचे नाहीत. एकदोनदा तर टाचणीलाच "अहो बाई" म्हणाले; तिने ते मनावर घेतलं नाही. आईचा विषय निघाला की "गेली बिचारी" एवढंच म्हणून गप्प व्हायचे. पण सकाळी उठल्यावर बाथरूम काही सापडायची नाही. रोज कपाटाचं दार उघडून उभे राहायचे. एकदा पडले आणि भुवईला चार टाके घालावे लागले.

धाकट्या भावाने फोनवर सांगून टाकलं, "ताई, महिनाभर बघू. नाही जमलं तर संस्थेत ठेवू. तिथे चोवीस तास माणसं असतात." भाऊ वाईट नव्हता. लांब राहणाऱ्याला सगळं सोपं दिसतं, इतकंच. टाचणीला मात्र बाबांना परक्यांच्या हाती द्यायचं नव्हतं. आईने दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा उशाशी कोणी नव्हतं, आणि ते तिला अजून आतून खात होतं.

एका सकाळी ती दारात उभी राहून बघत असताना तिच्या लक्षात आलं, की बाबा चुकत नाहीत. ते उठतात, डावीकडे वळतात, पाच पावलं टाकतात आणि कडीसाठी हात पुढे करतात. जुन्या घरात बाथरूम तिथेच होती. म्हणजे बाबा बरोबर चालत होते, खोली चुकीची होती.

मग ठरलं, खोली जुन्या खोलीसारखी मांडायची, म्हणजे पलंगावरून उठून डावीकडे पाच पावलांवर बाथरूमचं दार येईल. नवरा म्हणाला, "कपाट मी एकदाच ढकलणार. कंबर माझी आहे, भाड्याने आणलेली नाही. आधी कुठे काय ते पक्कं कर." वहीत काढून आणि खोडून टाचणीने पानाला भोक पाडलं. शेवटी एका गिऱ्हाईक बाईने सांगितलं, की खोल्यांचे नकाशे काढायला कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर मिळतं.

पहिल्या सॉफ्टवेअरने आत पाऊल टाकू देण्याआधीच कार्डाचा नंबर मागितला. तिने ते तिथेच बंद केलं. दुसरं भलतंच श्रीमंत निघालं. त्यात पोहायचा तलाव होता, पियानो होता, पण साधा लोखंडी पलंग नव्हता. तासभर झटून तिने एक सोफा ठेवला, तर तो अर्धा भिंतीत घुसला, आणि कोपऱ्यातली कुंडी काही केल्या निघेना. तिसरं मात्र आपल्यासारखंच गरीब होतं. पांढरा पडदा, त्यावर चौकोन, आणि चौकोनाचं माप आपण ठरवायचं. टाचणीने एक फूट टाकलं आणि सहज म्हणून लॅपटॉप बाबांपुढे धरला.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरी फरशी बसवली होती. चष्मा पुसून ते पुढे सरकले.

"फुटाची फरशी आहे," ते म्हणाले. "सांधे सरळ आलेत. कोणी बसवली?"

"मीच."

"बरी बसवलीस."

आणि काम सुरू झालं. सकाळी काय खाल्लं ते बाबांना सांगता यायचं नाही, पण जुनी खोली फरशी-फरशीने पाठ होती. "आपली खोली दहा फरश्या बाय बारा. दार तिसऱ्या फरशीवर. कपाटाचा डावा पाय चौथीच्या सांध्यावर, तिथे टवका उडालाय बघ." टाचणी माऊसने कपाट ओढायची आणि बाबा पडद्यावर बोट ठेवून सांगायचे, "अजून अर्धी फरशी. हां, पुरे." माझा पलंग इथे, म्हणाले, आणि त्याला लागून तुझ्या आईचा. टाचणीने तोही काढला. तीन दुपारी अशा गेल्या. इतका वेळ बाबांच्या शेजारी ती लग्नानंतर कधी बसलीच नव्हती. या दुपारी पुन्हा येणार नाहीत, हे तिला तेव्हाही कळत होतं.

मग तिने आपली खोली आणि सामान मोजून त्यात बसवायला घेतलं, आणि काहीच बसेना. कपाट ठेवलं की लाल रेघ यायची. दोन दिवस तिच्या नाकी नऊ आले. शेवटी बाबांनीच विचारलं, मोजलंस कसं? तेव्हा उलगडा झाला. कापड कापताना शिलाईसाठी बोटभर माया सोडायची तिची तीस वर्षांची सवय. तिने कपाटाला, पलंगाला, टेबलाला, सगळ्यांना चारी बाजूंनी माया सोडली होती. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

"अगं, कपाट काय पुढे उसवून मोठं करणार आहेस?"

माया काढली आणि सगळं बसलं. नवऱ्याने कण्हत कपाट ढकललं. मशीन पुढच्या खोलीत चपलांच्या शेजारी गेलं. भंगारात द्यायचा राहिलेला आईचा पलंगही तिने धुऊनपुसून आत आणवला, कारण त्याच्याशिवाय पावलांचं माप चुकत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा उठले, डावीकडे वळले, पाच पावलं टाकून त्यांनी बाथरूमची कडी काढली. टाचणी ओट्याशी उभी राहून आनंदाने रडली आणि तिने लगेच भावाला फोन लावला. ती परत आली तेव्हा बाबा दोन्ही पलंगांकडे बघत होते.

"टाचणे, आई कुठे गेली गं?"

"बाबा, आई गेली ना. वर्ष होत आलं."

बाबा आईच्या पलंगावर बसले. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले, कारण त्यांच्यापुरतं ते पहिल्यांदाच होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती खोटं बोलली, शेजारी गेलीय म्हणाली. तर बाबा दुपारपर्यंत दाराकडे तोंड करून बसले आणि त्यांनी चहाला हात लावला नाही. अशा अकरा सकाळी झाल्या. ती खोट्याची एक सोडली तर दहा वेळा आई मेली, आणि दर वेळी ते सांगणारी टाचणीच.

"बाथरूम सापडते ना पण?" नवरा म्हणाला. हा पहिल्यापासूनच उंटावरचा शहाणा.

करायला गेलं एक आणि झालं भलतंच, हे टाचणीला उमगलं होतं. परक्या खोलीत बाबा पाहुणे होते आणि बायको गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. स्वतःच्या खोलीत ते नवरा होते. मग बायकोही तिथे असायलाच हवी. खोली तिने हुबेहूब उभी केली होती, आणि त्यात एकच माणूस आणता येत नव्हतं.

बाबांचा डोळा लागला होता तेव्हा तिने लॅपटॉप उघडला. बाबांचा पलंग खिडकीखाली नेऊन आडवा केला. आईचा पलंग निवडून कळ दाबली. 'नक्की काढायचं का?' असं पडद्यावर आलं. मग तिने 'हो' दाबलं.

भावाला तिने सांगितलं, "बाबा इथेच राहतील. बाथरूमला मी हात धरून नेईन."

"रोज? किती दिवस नेशील ताई?"

"ते चालतील तितके दिवस."

संध्याकाळी नवऱ्याने आईचा पलंग बाहेर काढला आणि कपाट पुन्हा ढकललं. कंबरेचं नाव काढलं नाही.

सकाळी ती चहा घेऊन आत गेली, तेव्हा बाबा गुडघ्यांवर हात ठेवून पलंगाच्या कडेवर बसले होते. तिला पाहून जरा सरकले.

"या, बसा. घर छान आहे तुमचं. माझा त्रास होत असेल तुम्हाला."

"नाही हो. कसला त्रास?"

"बायको गेली माझी. वर्ष होत आलं." आवाज शांत होता, डोळे कोरडे. टाचणीला हेच हवं होतं. तिने मान हलवली.

"एक मुलगी आहे मला," बाबा पुढे म्हणाले. "शिवणकाम करते. मी इथे आहे हे तिला ठाऊक नसणार. घाबरेल हो ती. तेवढा निरोप द्याल तिला?"

"देते," टाचणी म्हणाली. मग कप खाली ठेवून तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना बाथरूमकडे नेलं.